कप्तानाचा हात

रॉस्को टिडमोरच्या होडीत एकदा बसलेलं पोर दुसऱ्यांदा बसत नाही, हे सिडर फोर्कच्या बास मासेमारी क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. खुद्द रॉस्कोलाही ठाऊक होतं. पण त्याचं म्हणणं, हल्लीची पोरंच नाजूक. सहासष्ट वर्षांचा गडी, त्यातली चाळीस वर्षं बुलडोझरवर गेलेली, त्यामुळे साधं ‘मीठ दे’ म्हणाला तरी इंजिनावरून ओरडल्यासारखं वाटे. क्लबाची मोठ्यांची स्पर्धा त्याने सहा वेळा जिंकली होती. कुठल्या महिन्यात बास मासा तलावातल्या कुठल्या बुडालेल्या झाडाखाली दबा धरून बसतो, हे त्याला स्वतःच्या घरातल्या फडताळापेक्षा जास्त पाठ होतं.

एप्रिल संपत आला होता. गुरुवारी संध्याकाळी क्लबाच्या अध्यक्षबाई, विल्मा गॅटलिन, यांचा फोन आला.

“रॉस्को, शनिवारी मुलांची स्पर्धा आहे. बड हेन्सलीची पाठ धरलीय, त्याच्या होडीतल्या दोन पोरींना कप्तान नाही. तुझी होडी पाहिजे.”

“मी? मागच्या वेळी तूच म्हणालीस, पुन्हा म्हणून—”

“मागच्या वेळी कॉर्बिनच्या पोराला तू इतकं बोललास, की ते पोरगं काठावर उतरून चार मैल चालत घरी गेलं. विसरले नाही मी. पण दुसरं कोणी मिळत नाहीये. आता नीट ऐक. कप्तानाने मोठी मोटर चालवायची, बस्स. गळाच्या काठीला हात लावायचा नाही. हातजाळीला लावायचा नाही. मासा पोरींनी पकडायचा आणि पोरींनीच होडीत घ्यायचा. तुझा हात लागला की तो मासा बाद.”

“बोललेलं चालतं का?”

“नियमाने चालतं,” विल्मा म्हणाली. “मला विचारशील तर नाही.”

शनिवारी पहाटे निघताना रॉस्कोच्या बायकोने, अर्लीनने, सॉसेज भरलेले आठ गरम बन फडक्यात बांधून दिले. “दोन पोरींना,” ती म्हणाली. “बाकीचे तुला. बोलावंसं वाटलं की एक तोंडात कोंब.”

धक्क्यावर अडतीस होड्या धुक्यात उभ्या होत्या. टॅन्झी हॉलिस चौदा वर्षांची, लाल केसांची, दोन्ही पायांवर एकदम उभी राहणं तिला जमत नसे आणि गप्प राहणं तर त्याहून नाही. मारिसेला इबारा पंधराची. तिच्या हातात बापाची जुनी हत्यारांची पेटी होती, तिच्यात गळ, शिशाच्या गोळ्या आणि रबरी मासे कप्पे करून नीट लावलेले. तिने रॉस्कोला “गुड मॉर्निंग, मिस्टर रॉस्को” म्हटलं, आणि होडीत पाय ठेवण्याआधी बुटाचा चिखल झटकला. हे रॉस्कोला आवडलं.

“बरं का पोरींनो,” त्याने मोटर सुरू करत सांगितलं, “आपण सरळ हिकरीच्या फाट्यात जायचं. आतल्या तिसऱ्या वळणावर—”

“आम्हाला पुलापाशी जायचंय,” मारिसेला म्हणाली.

“कुठला पूल?”

“हमरस्त्याचा. पुलाच्या दोन्ही बाजूंना दगडांची भर आहे ना, तिथे.”

रॉस्को हसला. “अगं, डोक्यावरून ट्रक धडधडत जातात तिथे. तीस वर्षांत मी त्या दगडांवर गळ टाकला नाही.”

“आमची शाळेची बस रोज तिथून जाते,” मारिसेला हळूच म्हणाली. “गेले आठ-दहा दिवस उजाडताना त्या दगडांवर बगळे ओळीने बसतात. नुसते बसत नाहीत, खातात. आणि सूर्य वर आला की उडून जातात. मला वाटतं शॅड मासे तिथे अंडी घालायला येतायत. शॅड आले तर त्यांना खायला बास येणारच.”

“हिने वहीत लिहून ठेवलंय,” टॅन्झी म्हणाली. “तारीख, वेळ, बगळे किती. वर्गात हिला सगळे बगळेवाली म्हणतात.”

हिकरीच्या फाट्यात हमखास मासा होता. रॉस्कोच्या जिभेवर आलंही, की ऐका माझं, वहीतले बगळे राहू देत. पण होडी त्याची असली तरी स्पर्धा त्याची नव्हती. त्याने बन तोंडात कोंबला आणि चाक पुलाकडे वळवलं.

पुलाखाली मोठी मोटर बंद केली तेव्हा उजेड नुकता फुटत होता. पोरींनी पुढची लहान विजेची मोटर पाण्यात सोडली आणि होडी दगडांच्या कडेकडेने नेली. दगडांपाशी पाणी शिजल्यासारखं हलत होतं. बोटभर चंदेरी शॅड थव्याने दगडांना अंग घासत होते. वर बगळे होतेच, एकेकाचं लक्ष आपापल्या पाण्यावर.

“अकरा,” टॅन्झीने मोजले.

मारिसेलाने पांढरा रबरी मासा दगडाला लागेल इतक्या जवळ टाकला आणि दोरा गुंडाळायचं हँडल तीन वेळा फिरवलं, तोच काठी वाकली. पहिला बास अडीच पाउंडाचा निघाला. दुसरा टॅन्झीला लागला. ती इतकी किंचाळली, की वरून जाणाऱ्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवून उत्तर दिलं. तिसरा, चौथा. दोघी एकमेकींच्या माशाखाली हातजाळी घालत होत्या आणि मधेच एकमेकींना शिव्याही देत होत्या. रॉस्को मागच्या खुर्चीत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. टॅन्झीची फेक फार उंच जात होती, गाठ घाईची होती, काठी चुकीच्या बाजूला झुकत होती. त्याने चौथा बन संपवला. मासे लागतच होते.

मग ऊन दगडांवर आलं, शॅड खोल गेले, बगळे उडाले, आणि पाणी एकदम मेल्यासारखं झालं. होडीतल्या टाकीत चार मासे पोहत होते. वजनाला पाच लागतात.

“आता?” टॅन्झीने विचारलं.

दोघींनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच. रॉस्कोला सांगायच्या गोष्टी बऱ्याच होत्या. त्याने त्यातली एकच सांगितली. “ऊन चढलं की मासा सावली शोधतो. आजूबाजूला सावली कुठे आहे ते तुम्हीच बघा.”

पुढचे चार तास त्यांनी घरांसमोरचे लाकडी धक्के एकेक करून धुंडाळले. एक बारा इंची आला, तो नियमाप्रमाणे सोडावा लागला. पंधरा इंचांखालचा चालत नाही. जेवताना टॅन्झीने विचारलं, “मिस्टर रॉस्को, तुम्हाला मुलं आहेत का?”

“मुलगा आहे. डेन्व्हरला असतो.”

“तो पण चॅम्पियन आहे?”

“तो मासे पकडत नाही.” रॉस्कोने पाण्याकडे पाहिलं. “लहानपणी माझ्याबरोबर यायचा. चांगला हात होता त्याचा. मी प्रत्येक फेकीला काहीतरी बोलायचो. बारा वर्षांचा झाला आणि एका सकाळी म्हणाला, आज मला यायचं नाही. मला वाटलं, आजचंच म्हणतोय.”

मारिसेलाने आपल्या डब्यातला मक्याच्या पिठाचा, पानात वाफवलेला तमाल अर्धा करून त्याच्यापुढे धरला, आणि त्याने तो घेतला.

पावणेदोन वाजता, एका पडक्या बोटघराच्या सावलीत, मारिसेलाचा गळ बुडाला. ती काठी उचलायला गेली आणि काठी उचललीच गेली नाही. मग खालून काहीतरी जड हललं, आणि बोटघराच्या खांबांमधून सरळ होडीकडे आलं. मासा पाण्याबाहेर डोकं झटकत उसळला तेव्हा तिघांनीही तो पाहिला. साडेसहा पाउंडाला कमी नव्हता. अडतीस होड्यांत असा दुसरा त्या दिवशी निघाला नसता.

“जाळी! टॅन्झी, जाळी!”

टॅन्झी धावली आणि तिचा पाय दोरीत अडकला. ती गुडघ्यांवर आपटली, जाळी निसटून मागे घरंगळली, ती नेमकी रॉस्कोच्या पायाशी. मासा होडीखाली शिरला. दोरा कडेला घासून करकरायला लागला, एक क्षण आणि तुटलाच असता. रॉस्कोने काय केलं ते त्याला स्वतःलाही करून झाल्यावर कळलं. त्याने जाळी उचलली, एका ढांगेत कडेला आला, वाकला आणि माशाखाली घालून वर घेतली. चाळीस वर्षं हजारदा केलेलं काम हातांनी डोक्याला न विचारता केलं.

मासा होडीत तडफडत होता. टॅन्झी उठून उभी राहिली, “घेतला! घेतला!” म्हणून नाचायला लागली, आणि मग तिला जाळीचा दांडा कोणाच्या हातात आहे ते दिसलं.

टॅन्झीने आजूबाजूला पाहिलं. बोटघरापाशी माणूस नव्हतं. दुसरी होडी नजरेच्या टप्प्यात नव्हती.

“कोणी बघितलं नाहीये,” टॅन्झी म्हणाली. आवाज एवढासा. “मी पडले नसते तर मीच घेतला असता. म्हणजे माझाच झाला ना?”

रॉस्कोचा चेहरा पांढरा पडला होता. “माझा हात लागला,” तो म्हणाला. “हा टाकीत जाणार नाही.”

“पण पोचलो असतो आपण! याच्यावर राज्याच्या स्पर्धेत पोचलो असतो! तुम्ही का उचललीत जाळी? तुम्हाला माहीत होतं ना? सगळ्यांना सांगत असता चुकलं, चुकलं, आणि स्वतः—” टॅन्झी रडायला लागली.

एरवी असं बोलणाऱ्या पोराचं काही खरं नव्हतं. रॉस्को टोपी हातात घेऊन उभा राहिला. “बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला. “माहीत होतं मला. चूक माझी आहे. तू पडलीस ती चूक नव्हे, पाय कोणाचाही अडकतो. मारिसेला, मासा तुझा होता आणि तो मी घालवला. माफ कर मला.”

सहा वेळा जिंकलेल्या माणसाने एका पंधरा वर्षांच्या मुलीची माफी मागितलेली अर्लीनने पाहिली असती तर ती मटकन खाली बसली असती.

मारिसेलाने गळ अलगद काढला. माशाला ओठाला धरून पाण्यात ठेवलं, पुढेमागे हलवलं. त्याने शेपटी मारली, तिच्या तोंडावर पाणी उडवलं आणि खाली गेला. तिने बाहीने तोंड पुसलं. पाणी किती आणि रडू किती ते कळायला मार्ग नव्हता.

“सव्वा तास आहे अजून,” ती म्हणाली. “टॅन्झी, ऊठ. ती दोरी गुंडाळ आधी.”

शेवटच्या वीस मिनिटांत टॅन्झीने एका धक्क्याखालून पाचवा मासा काढला. मोजपट्टीवर तो पंधरा इंचांच्या रेघेला टेकला आणि केसभर पुढे गेला. तो टॅन्झीने पकडला, मारिसेलाने जाळीत घेतला, आणि रॉस्को त्या वेळी खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता.

वजनकाट्यावर त्यांचे पाच मासे बारा पाउंड नऊ औंस भरले. त्या घडीला पाचवा नंबर. राज्याच्या स्पर्धेला पहिल्या आठ होड्या जाणार होत्या, आणि अजून बऱ्याच होड्यांचं वजन बाकी होतं. विल्मा गॅटलिन ध्वनिक्षेपक घेऊन मंचावर उभी होती. “आणि यांचे कप्तान, रॉस्को टिडमोर! सगळे जिवंत आलेत, हेही नसे थोडके!” लोक हसले. “काय रे, कसा गेला दिवस?”

रॉस्कोने ध्वनिक्षेपक घेतला. त्याला त्याची गरज नव्हती. “या पोरींनी आज साडेसहा पाउंडाचा मासा पकडला होता,” तो म्हणाला. “मी जाळीला हात लावला म्हणून तो सोडावा लागला. कोणी बघणारं नव्हतं, तरी सोडला. आणि सकाळचे चार मासे पुलाखालचे आहेत. ती जागा या मुलीने शाळेच्या बसमधून शोधली. मी तिथून तीस वर्षं नुसता पुढे जात होतो.”

“साडेसहा होता की साडेचार?” मागून कोणीतरी ओरडलं.

“तुला मोजायला बोलावलं असतं, हेन्सली,” रॉस्को म्हणाला, “पण तुझी पाठ धरली होती ना!”

हशा पिकला, आणि मग कुठूनतरी टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. टॅन्झी लालबुंद झाली. मारिसेला खाली बघत होती, पण हसत होती.

सगळी वजनं झाली तेव्हा त्यांचा नंबर नववा होता. आठव्या होडीपेक्षा तीन औंस कमी.

रॉस्को ट्रकपाशी पट्टे आवळत होता. तीन औंस त्याच्या डोक्यातून जात नव्हते. मारिसेलाचा बाप, एफ्राइन इबारा, कारखान्यातल्या कामाच्या कपड्यांतच तिला न्यायला आला होता. त्याने रॉस्कोशी हात मिळवला, बराच वेळ सोडला नाही. “हिने सगळं सांगितलं मला,” तो म्हणाला.

“मग मला दोन शब्द सुनवायला आला असाल.”

“मी? नाही. हिला काही विचारायचंय. मघापासून म्हणते, तुम्ही विचारा. मी म्हटलं, तुझं तू विचार.”

मारिसेला पुढे आली. मागे टॅन्झी एका पायावर उभी. “जूनमध्ये दुसरी फेरी आहे,” मारिसेला म्हणाली. “त्यातूनही आठ होड्या जातात. मिस्टर हेन्सलींची पाठ तोपर्यंत बरी होईल म्हणतात, पण...”

“पण त्यांच्याकडे बन नसतात,” टॅन्झी म्हणाली.

रॉस्को पट्ट्याशी उगाचच झटत राहिला. तो केव्हाचा आवळून झाला होता.

“जूनमध्ये शॅड संपलेले असतात,” तो म्हणाला. “पुलाचा उपयोग नाही. मासा खोल जातो. खोल पाण्यातलं काही येतं का तुम्हाला?”

“नाही,” दोघी एकदम म्हणाल्या.

“मग पुढच्या रविवारी दुपारी धक्क्यावर या. स्पर्धा नाही, म्हणजे काठी मलाही धरता येईल. दाखवतो.” तो थांबला. “म्हणजे, तुम्ही विचारलंत तर दाखवतो.”

“आम्ही खूप विचारतो,” टॅन्झी म्हणाली.

“ते दिसलंच,” रॉस्को म्हणाला, आणि मारिसेलाची जड पेटी उचलून तिच्या बापाच्या गाडीत ठेवायला निघाला.