ठरवायचं मास्तरांनी

शिंपीकामात जन्म गेलेल्या मास्तरांची जीभ कात्रीसारखी चालायची, पण त्या सकाळी ती टाळूला चिकटली होती. मधुमेहानं त्यांचा उजवा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. कापायचा नाही म्हणून ते इस्पितळात चार दिवस अडून बसले होते, आणि लेकानं डॉक्टरांच्या कानावर घातलं होतं, "बाबांचं डोकं ठिकाणावर नाही." आता एक डॉक्टरीणबाई येऊन ठरवणार होत्या, स्वतःच्या पायाचा निर्णय घेण्याइतके मास्तर शहाणे आहेत की नाहीत. नसले, तर सही लेक करणार आणि पाय जाणार.

मास्तर पुरते घाबरले होते. शेजारच्या खाटेवरच्या बस ड्रायव्हरनं त्यांची तयारी करून घेतली होती. वार, तारीख, शंभरातून सात-सात वजा. "घोकून ठेवा मास्तर, तिथं त त प प झालं की गेला पाय!"

बाईंनी लेकाला बाहेर पाठवलं आणि खुर्ची ओढली. त्यांनी तोंड उघडायच्या आतच मास्तर सुटले, "मंगळवार, अकरा तारीख, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी..."

"अहो, थांबा! हे मी विचारलंच नाही. पाय ठेवला तर काय होईल, ते तुमच्या शब्दांत सांगा."

याची तयारी नव्हती. मास्तर चाचरत म्हणाले, "विष वर चढेल. महिन्याभरात मरेन मी."

"आणि कापला तर?"

"बहुतेक जगेन. कुबड्या घेऊन. पायमशीन सुटेल, मग लेकाच्या घरी बसून खायचं."

"तरी नको म्हणता. का?"

"भीती वाटते हो," मास्तर बोलून गेले आणि जीभ चावली. संपलं, नापास.

"भीती वाटणं म्हणजे वेड लागणं नव्हे," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "तुम्हाला सगळं नीट कळतंय. तुमच्या सहीशिवाय कुणी हात लावणार नाही. हो की नाही, ते संध्याकाळपर्यंत सांगा."

त्या गेल्या. ड्रायव्हरनं टाळीसाठी हात पुढे केला, तो मास्तरांना दिसलाच नाही. चार दिवस ते बेधडक नाही म्हणत होते, कारण शेवटी लेक ऐकणार नाही, पाय कापून घेईल आणि जन्मभर त्याला बोल लावता येईल, हे त्यांनी मनात धरूनच ठेवलं होतं. आता त्यांचं 'नाही' खरोखर ऐकलं जाणार होतं.

लेक आत आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "जिंकलात बाबा. मी आता एक शब्द बोलणार नाही."

मास्तरांनी त्याचं मनगट गच्च धरलं.

"बोल रे," ते म्हणाले. "बोल काहीतरी."