सत्तावीस मीटर उजेड

एप्रिलमध्ये आमच्या अंगणात उजेड एकदम येत नाही. आधी तो उंच भिंतीच्या माथ्यावर, काचांचे तुकडे रोवलेल्या कडेवर येऊन थांबतो. मग चुन्यावरून इतक्या सावकाश खाली उतरतो, की पाहणाऱ्याला तो हलताना दिसत नाही. फक्त मघा राखाडी असलेली भिंत आता पांढरी आहे एवढंच कळतं. चाळणी अडकवायच्या खिळ्याची सावली आधी लांब पडते, मग आखडते. दाराचा निळा रंग जागा होतो, आणि त्याच्या खालच्या अंगाला उडालेले पोपडेही. विहिरीचा काठ, रात्री उपडी घातलेली बादली, पावाच्या मातीच्या भट्टीचं काळं तोंड अशा क्रमाने तो पुढे जातो. नंतर नारिंगाच्या झाडांत शिरतो, आणि तिथे मात्र त्याला वेळ लागतो. कारण फुलं दाट असतात आणि प्रत्येकावर तो थोडा थोडा खर्च होतो. बागेच्या टोकाला अर्काची खोली आहे. तिचं दार उत्तरेला. तिच्या उंबऱ्याशी पोहोचेपर्यंत उजेडात आत जाण्याइतकं काही उरलेलं नसतं.

ही खोली माझ्या वडिलांची. चाळीस वर्षं, दर वसंतात, तांब्याच्या पात्रात नारिंगाची फुलं उकळून त्यांनी तिथे फुलांचं पाणी काढलं. आमच्या साऱ्या नाबूल शहरात त्यांच्या पाण्याला नाव होतं. यंदा फुलं उमलून आठवडा झाला होता, आणि ते एकदाही तिकडे फिरकले नव्हते.

"अंधार आहे तिथे," एवढंच ते म्हणत. "आता दिसत नाही मला."

पहिल्या आठवड्याची फुलं आईने बाजारात पाठवून दिली. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. पोती गाडीवर चढत होती तेव्हा वडील दाराकडे पाठ करून कॉफी पीत बसले होते. त्याआधीच्या हिवाळ्यात त्यांच्यासमोर चुलीवरची कॉफी दोनदा करपली होती. मी दोन्ही वेळा चुलीला दोष दिला.

मला ती खोली हवी होती. वडील फारसे बोलत नसत, मीही नाही. वर्षभर आम्ही एकाच घरात दोन शेजाऱ्यांसारखे राहत असू. फक्त त्या खोलीत, पाण्याचा पहिला थेंब पडला की ते माझं मनगट हातात घेत, त्यावर तो थेंब ठेवत, वाकून हुंगत आणि म्हणत, "झालं." लहानपणापासून मी वर्षभर त्या एका शब्दाची वाट पाहत आलो होतो. त्यांना अंधार नको असेल तर मी अंधार घालवणार होतो. इतकं सोपं होतं ते. मला ते सोपंच असायला हवं होतं.

म्हणून मी तय्यबमामाला बोलावलं. तो वायरमन.

"सत्तावीस मीटर," टेप गुंडाळत तो म्हणाला. "जमिनीखालून नेऊ. दोन दिवसांचं खोदकाम."

"झाडं फुलात असताना मुळांना कुदळ लागली तर याद राख!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"ऐकलंस, वजदी? सख्खी बहीण आहे ही माझी. लोकांना वाटेल सावत्र."

तेव्हा वरून न्यायचं ठरलं. घराच्या भिंतीत एक आकडा, खोलीच्या भिंतीत एक आकडा, मधे पोलादी तार, आणि तिला जागोजागी पट्ट्यांनी बांधलेली काळी केबल. उंची किती ठेवायची यावर मामाचं आणि आईचं पुन्हा वाजलं. फुलं तोडणाऱ्या बायका शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभ्या राहून हात वर करतात. त्या हाताच्याही वर हातभर तार हवी, असं आईचं म्हणणं. मामाने तिलाच शिडीवर चढवलं, हात वर करायला लावला आणि भिंतीवर खडूची खूण केली.

"मोजमाप म्हणजे असं," तो म्हणाला. "आता उतर, राणीसाहेब."

तार ओढायचं काम माझ्याकडे होतं. मी ती झाडांच्या शेंड्यांवरून रेघेसारखी सरळ ताणली.

"अरे, ही काय ऊदाची तार आहे, छेडायला?" मामा म्हणाला. "झोळ ठेव थोडा. थंडीत तार आखडली की आकडा भिंतीसकट उपटून येईल."

मी आकडा सैल केला. तार मधोमध किंचित लवली. ती मला सरळच आवडली होती.

वडील न बोलावता बाहेर आले आणि खोलीपाशी मामाची शिडी धरून उभे राहिले. अर्काच्या खोलीचा एक नियम होता. सिगारेट नाही, अत्तर नाही; आदल्या रात्री लसूण खाल्लेल्या माणसालाही उंबरा बंद. पूर्वी लांब विहिरीपाशी कुणी काडी ओढली, तरी आतून आवाज यायचा, "तय्यब, विझव!" आज मामा दाराच्या थेट वर चढला होता आणि सवयीने पेटवलेली सिगारेट त्याच्या ओठांत तशीच होती. धूर खाली उतरून वडिलांच्या तोंडाभोवती फिरत होता. मामाच्या ते एकाएकी लक्षात आलं. त्याने सिगारेट घाईने भिंतीवर चुरगळली.

"दाजी, चुकलो हं."

"काय चुकलास?" वडील वर पाहत म्हणाले. "तिरका बसला का आकडा?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी डब्यातल्या पट्ट्या निवडू लागलो. वारा समुद्राकडून होता, मी स्वतःला सांगितलं. धूर पलीकडे गेला असेल.

दुपारनंतर काम संपलं. भिंतीत शिरण्याआधी मामाने केबलला खाली एक वळण दिलं, म्हणजे पावसाचं पाणी आत न जाता तिथूनच गळून पडेल. अर्थिंग तपासलं, घरातला मेन स्विच चढवला. मी खोलीतलं बटण दाबलं.

चाळीस वर्षांत न दिसलेली खोली दिसली. छताची काजळी, कोपऱ्यातली जाळी, वेताने मढवलेले फाश्के, पाणी साठवायच्या त्या मोठ्या बाटल्या, ओळीने रिकाम्या. आणि मधोमध ते पात्र, ठोक्याठोक्याने घडवलेलं, लालसर. वडील उंबऱ्यावर उभे होते.

"आता?" मी विचारलं.

त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

"आता काय," ते म्हणाले. "दिसतंय सगळं."

त्यांनी बाह्या दुमडल्या. सकाळची फुलं सावलीत चादरीवर पसरलेली होती. ती आम्ही दोघांनी आणली, पाण्यावर हलकेच सोडली, झाकणाच्या कडा कणकेने लिंपल्या. वडिलांनी गॅस पेटवला. मी इतका आनंदात होतो, की मला हात कुठे ठेवावेत कळेना. तासाभराने नळीच्या टोकाशी पहिला थेंब जमला. त्यांनी माझं मनगट घेतलं, थेंब ठेवला, वाकले. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकलेले राहिले.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं.

"झालं," मी म्हणालो. तो शब्द माझ्या तोंडून मला परका वाटला.

फाश्का भरत आला. पाण्याची धार बारीक झाली. अशा वेळी वडील बोलता बोलता थांबत, नाकपुड्या किंचित फुलवत, आणि फुलं तळाला लागण्याच्या क्षणभर आधी गॅस बंद करत. मी त्यांच्या हाताकडे पाहत राहिलो. हात मांडीवर होता. आधी गोडसर, मग कडवट, मग स्पष्ट करपल्याचा वास खोलीत भरला. अंगणातून आईची हाक आली, "वजदी! काय जळतंय?"

"उजेड छान पडलाय रे," वडील दिव्याकडे पाहत म्हणाले. "आधीच करायला हवं होतं."

मी त्यांच्या पलीकडे हात नेला आणि गॅस बंद केला. वडिलांना वास येत नव्हता. मागच्या ऑगस्टमधल्या बारा दिवसांच्या तापापासून येत नव्हता, आणि मला ते तेव्हापासून माहीत होतं.