सतरा दगड पाहिलेली दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. लोअर परळच्या चाळीत, बाबासाहेबांच्या फोटोशेजारच्या खुंटीवर मी राहते. मला घडवलं कोणी ते ठाऊक नाही. आठवतो तो चोर बाजार आणि मला उचलून घेणारे गिरणी कामगार सीताराम आजोबा. घरी आणल्यावर कमळाबाई आजींनी विचारलं, दहा बाय बाराच्या खोलीत दुर्बिणीतून बघणार काय? आजोबा नुसते हसले.

मित्रांनो, त्यांना घारी बघायच्या होत्या. बंद गिरणीच्या चिमणीवर एका घारीचं घरटं होतं. आजोबा नातीला, दीपिकाला, गच्चीवर नेत आणि मला तिच्या डोळ्यांना लावत. पुढे चिमणी पाडली, आजोबाही गेले. मी ट्रंकेत पडले आणि माझ्या भिंगांना बुरशी धरली. तेव्हा फार वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

दीपिका मोठी झाली आणि पक्ष्यांचंच काम करू लागली. घाटावरच्या एका पठारावर पवनचक्क्या आहेत. त्यांच्या पात्यांना धडकून किती पक्षी मरतात, ते दर महिन्याला जाऊन मोजायचं, हे तिचं काम. कंपनीला आणखी पाच चक्क्या कड्याच्या काठावर हव्या होत्या आणि नेमकं तिथेच गरुडाच्या जोडीचं घरटं होतं. गावात दोन तट पडले होते. कोणाला चक्क्यांमुळे काम मिळालं होतं, कोणाचं गुरं चारायचं रान गेलं होतं. दीपिका सकाळी नऊला प्रत्येक चक्कीखाली फिरायची. पाच महिने तिच्या वहीत शून्यच पडलं. पक्षी मरतच नाहीत, मग काठावर चक्क्या उभारायला हरकत काय, असं कंपनी म्हणू लागली.

तिला ते पटेना. लांबून नजर ठेवायची म्हणून तिने मला ट्रंकेतून काढलं आणि गिरगावात दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्या यतीनकाकांकडे नेलं. त्यांनी दोन दिवस खपून माझी बुरशी काढली, ढिले स्क्रू आवळले. ही तुझ्यापेक्षा जास्त टिकेल, असं वर दीपिकालाच चिडवलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

पुढच्या खेपेला दीपिका उजाडतानाच समोरच्या टेकाडावर जाऊन बसली. मी पाहिलं ते असं: चक्क्यांचे राखणदार गंगाधर यांनी गवतातून काहीतरी उचललं, करवंदीच्या जाळीजवळ खड्डा खणून ते पुरलं आणि वर एक दगड ठेवला. कंपनीच्या सांगण्यावरून हे लपवाछपवी करतात, असंच तिला वाटलं. मलाही वाटलं. ती तडक खाली उतरली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

गंगाधरांनी टोपी काढली. "ताई, मेलेलं पाखरू कुत्री वढत्यात, बघवत न्हाई. तुमी येनार म्हून तर लवकर पुरून टाकतो. पाव्हण्यांम्होरं असलं कशाला?"

जाळीजवळ सतरा दगड होते. एका पाखराला एक.

दीपिका तिथेच खाली बसली. तिने इंजिनिअरांना विचारलं होतं, सरपंचांना विचारलं होतं. रोज तिथे उभ्या असलेल्या माणसाशी मात्र ती कधी बोललीच नव्हती. "मामा, चूक माझी आहे. मी काय मोजायला येते, हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही." हे उघड झालं तर तुमची नोकरी जाऊ शकते, तुम्ही हो म्हणाल तरच मी लिहीन, हेही तिने सांगितलं. ते म्हणाले, घरी विचारतो.

महिन्याभराने मुंबईत नव्या चक्क्यांना परवानगी देणाऱ्या समितीची बैठक झाली. आदल्या दिवशी गंगाधर घरच्यांचा होकार घेऊन आमच्या चाळीत मुक्कामाला आले. बैठकीत मी दीपिकाच्या गळ्यात होते. कंपनीच्या साहेबांनी शून्याचा आकडा वाचला, तसे गंगाधर उभे राहिले.

"सतरा. मीच पुरल्यात. चला, उकरून दाखवतो."

शेवटी कड्याचा काठ सोडायचा आणि नव्या चक्क्या पठाराच्या दुसऱ्या बाजूला उभारायच्या, असं ठरलं. गंगाधरांना तीन आठवडे घरी बसावं लागलं, मग कामावर परत घेतलं. ते तीन आठवडे दीपिकाला जेवण गोड लागलं नाही.

आता गंगाधर मेलेल्या पक्ष्यावर टोपली पालथी घालून दीपिकाची वाट बघतात. तिने नोंद केली की दोघं मिळून तो पुरतात. गेल्या खेपेला मी आधी कड्याकडे पाहिलं. घरट्यातून गरुडाचं पिल्लू मान वर काढत होतं. मग खाली पाहिलं, तर गंगाधर आम्हाला दिसावी म्हणून टोपली डोक्यावर धरून हलवत होते. ती रिकामी होती, त्या खेपेला झाकायला एकही पक्षी नव्हता.

मित्रांनो, घरात एखादी दुर्बीण पडून असेल तर तिची भिंगं पुसा आणि तिला उजेडात न्या. पण एक सांगते. मी लांबचं दाखवते, तेवढंच. जवळ उभ्या असलेल्या माणसाला तुम्हीच विचारायला हवं.