परवानगी न मागणारी तबकडी

मित्रांनो, माझ्या पोटात एक अख्खे बंदर आहे. धक्के, क्रेन, गोदामे, सारे काही. मी संगणकावरच्या खेळाची जुनी सीडी. जो मला विकत घेईल तो माझा मालक, अशी माझ्या निर्मात्यांची समजूत होती. किती भाबडी माणसे!

मला घेतले घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका बाईने. तिची भाची तिला आत्या म्हणे, म्हणून मीही म्हणते. दुकानातल्या संगणकावर आत्या आणि तिचा भाऊ, म्हणजे भाचीचे वडील, आळीपाळीने बंदर बांधत आणि एकमेकांच्या बांधकामाला यथेच्छ नावे ठेवत.

पुढे भाचीने खेळ कंपनीच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर नेला. तिथे चरे पडत नाहीत, काही हरवत नाही, हे तिचे म्हणणे खोटे नव्हते. खाते वडिलांच्या नावाने उघडले गेले. मी खणात, घड्याळांच्या पट्ट्यांखाली गेले.

वर्षभरात आत्याचा भाऊ वारला आणि खाते बंद झाले. कंपनीने अत्यंत सभ्य भाषेत कळवले की खेळ विकलेलाच नव्हता. खेळण्याची परवानगी दिली होती, ती व्यक्तिगत होती, आणि ती व्यक्ती आता हयात नाही. शोकाकुल घराला मालमत्तेचा कायदा शिकवण्याची ही तत्परता खरोखर अभ्यासनीय आहे.

भाची म्हणाली, "आत्या, बाबांचं बंदर गेलं गं."

"तिकडचं गेलं. इथल्या संगणकात जुनं साठवलेलं असेल, पण उघडायला सीडी लागेल."

माझ्यावर पट्ट्यांच्या बकलांचे चरे होते. तीस वर्षे घड्याळाच्या काचा घासल्या तशी आत्याने मला गोल गोल घासले आणि मी आणखीच बिघडले. माझ्यातली माहितीही गोलच लिहिलेली असते, त्यामुळे गोल चरा सलग ओळच्या ओळ खातो. संगणकाने मला बाहेर टाकले. आत्याने भिंगातून पाहिले. "हात चुकला माझा. ही काच नाही," ती शांतपणे म्हणाली. मग मधून कडेकडे, सरळ रेघेत, सारी दुपार ती मला घासत राहिली. खोळंबलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "तुमचं घड्याळ बंदच आहे, त्याला कसली घाई?" चूक इतक्या निमूट कबूल करून इतक्या चिकाटीने सुधारणारे हात मी दुसरे पाहिले नाहीत.

तिसऱ्या खेपेला मी फिरले. कोणाचे नाव विचारले नाही. बंदर उघडले, धक्क्याला अर्धवट भरलेले जहाज उभे होते.

भाचीने माऊस आत्यापुढे सरकवला. आत्याने तो परत केला.

"डाव त्याचा होता. आता तू खेळ."

मित्रांनो, आम्ही सीड्या झिजणारच. आम्हाला जपा असा माझा हट्ट नाही. पण विकत घेतलेली वस्तू आपल्या माणसांच्या हाती सोपवता येईल का, एवढे दुकानदाराला आधीच विचारत जा. आणि उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नका.