पळायची रेकॉर्ड

रेकॉर्डींचा नाद मला निवृत्त झाल्यावर लागला. बसवकल्याणच्या एका वाचनालयात ‘शांतता राखा’ या पाटीखाली नोकरी काढलेल्या माणसाला तो कसा लागला, हे मलाही नीट सांगता येणार नाही. पण भंगाराच्या दुकानात गंजक्या डब्यांमागे काळ्या तबकड्यांची कड दिसली की छातीत धडधडायला लागतं. आधी बोटं काळी होतात, मग रुमाल, मग सदरा. घरी आलो की बायकोचा, कलाबाईचा, प्रश्न ठरलेला असतो.

“आज कुणाचा कचरा आणलाव?”

कपाटं भरली. पण खरी हवी होती ती एकच रेकॉर्ड, आणि तिचं नाव मला ठाऊक नव्हतं.

लहानपणी आम्ही कोहिनूर गावाजवळ मळ्यात राहायचो. सुगी झाली की तंबूचा सिनेमा यायचा. दिवस मावळता खांबावरच्या कर्ण्यातून गाणी सुरू व्हायची, शिवारभर ऐकू यायची. तोवर कुणाला घाई नसे. शेवटी मात्र एक बिनशब्दांची रेकॉर्ड लागायची, क्लॅरिनेटची. ती लागली म्हणजे आता बत्ती बंद होऊन सिनेमा सुरू होणार. मग बांधाबांधावरून माणसं पळत सुटायची. त्यांत मी आणि शेजारच्या मळ्यातला गुरुशांतप्पा. तो गुबगुबीत, मी काटकुळा. मी आधी पोचून वाळूवर टॉवेल अंथरायचो आणि त्याची जागा धरून ठेवायचो. तो धापा टाकत यायचा. त्या क्लॅरिनेटच्या रेकॉर्डला आम्ही पळायची रेकॉर्ड म्हणायचो.

म्हणायचो, असं मला वाटतं. घोळ इथंच होता.

कलाबाई चिंताकी गावची. ती म्हणाली, “आमच्याकडं तंबूत आरती लावायचे. क्लॅरिनेट-बिरनेट काई न्हाई. तुम्ही कुठं तरी वाचला आसाल.”

तिचं सोडा. गुरुशांतप्पा आता आमच्याच गल्लीत समोर राहतो. कापडाचं दुकान मुलाकडं देऊन, गुडघे धरून संध्याकाळी कट्ट्यावर बसतो. तोही ठाम होता.

“न्हाई ओ व्यंकटराव. गाणं होतं ते. बाई म्हणायची. क्लॅरिनेट कुठून काढलाव?”

त्याच्या ठाम बोलण्यापुढं माझं काही चालत नाही. मी घरी येऊन ती चाल मनात म्हणून बघितली. अगदी स्पष्ट होती. पण जी चाल फक्त मलाच ऐकू येते, ती मीच रचली नसेल कशावरून? आणि चाल खोटी असेल, तर ते पळणं? ती वाळू, ती धरलेली जागा? तेही एखाद्या पुस्तकातून उचललं असेल का? हे कुणाला विचारायचं, तेही कळेना.

अशात कलबुर्गीहून तिप्पण्णाचा फोन आला. तो जुन्या सामानाचा व्यापारी, माझा नाद त्याला ठाऊक.

“सर, हुमनाबादकडच्या एका लाऊडस्पीकरवाल्याचं सगळं सामान आलंय. पूर्वी तंबूवाल्यांना भाड्यानं द्यायचे म्हणं. पोतं भरून रेकॉर्डी हायत. लौकर या!”

तंबूवाल्यांना! मी चहा तसाच ठेवून निघालो. कलाबाई मागून ओरडली, “अहो, चष्मा तरी घ्या!”

दुकानात गर्दी होती. जुने पंखे, कुकर, शिलाई मशिनी, आणि मधोमध ते पोतं. मी खाली बसून रेकॉर्डी काढायला लागलो. एकीलाही वेष्टन नाही. मधले कागद कसरीनं खाल्लेले, अक्षर लागेना.

“कुठलं पायजे? नाव सांगा,” तिप्पण्णा म्हणाला.

“नाव ठाऊक नाही.”

“मग चाल म्हणून दाखवा की!”

मी आजवर चारचौघांत कधी गुणगुणलोसुद्धा नाही. कान गरम झाले. कुकरची झाकणं लावून बघणाऱ्या दोन बायका थांबल्या. शेवटी मी पोत्याकडं बघत बारीक आवाजात सुरुवात केली.

“अज्जा, जोरात! कुकरला पन ऐकू येईना झालंय,” त्यांतली एक म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता आवाज कसा कोण जाणे मोकळा झाला. डोळे मिटून सबंध चाल म्हणून टाकली.

“हे तर लग्नाच्या बँडाचं!” म्हणत तिप्पण्णानं एक रेकॉर्ड लावली. ती नव्हे. दुसरी लावली, तीही नव्हे. तिसरीवर एक माणूस कसलं तरी भाषण देत होता. तिप्पण्णाला गिऱ्हाईक बोलवायला लागलं. मला वाटलं, उठावं आता.

आणि एकदम डोक्यात उजेड पडला. आम्ही जमवणारे नेहमी चकचकीत रेकॉर्ड शोधतो. ओरखडा दिसला की बाजूला ठेवतो. पण तंबूत जी रोज वाजायची, ती चकचकीत राहीलच कशी? मला सगळ्यांत झिजलेली हवी होती!

मी एकेक तबकडी उजेडात तिरपी धरू लागलो. काळी, काळी, काळी... आणि तळाशी एक छोटी तबकडी, राखेसारखी पांढुरकी झालेली. मधल्या कागदावर पांढऱ्या रंगाचा जाड पट्टा ओढलेला. अंधारात चटकन हाताला यावी म्हणून असेल.

“ही लावा! ही!” मी ओरडलो. हो, ओरडलो.

“ही गेल्यात जमा हाय, सर.” तरी त्यानं लावली.

आधी नुसती खरखर. मग क्लॅरिनेट आलं, पण कसं? आजारी म्हशीसारखं हंबरत. मी हिरमुसलो. ही नव्हेच. असलं ऐकून कोण पळेल?

“थांबा थांबा,” तिप्पण्णा म्हणाला, “छोटी रेकॉर्ड हाय की ही! हिला जोरात फिरवावं लागतंय!” आणि त्यानं वेगाचा खटका सरकवला.

क्लॅरिनेटनं उडी मारली. मागं ढोलकी धावत सुटली. कुकरवाली बाई मान हलवायला लागली. मी मात्र उठून उभाच राहिलो. तीच होती! पूर्ण तीच!

परतीच्या बसमध्ये रेकॉर्ड छातीशी धरून बसलो, तेव्हा जुनी खोड पुन्हा जागी झाली. तीच हवी होती म्हणून तर तीच वाटली नसेल? ढोलकी मला कुठं आठवत होती?

घरी कलाबाईनं ती ऐकली. मग म्हणाली, “गुरुशांतप्पांना बोलावू नका. विचारू बी नका. विचारलं की ते वाद घालतेत. खिडकी उघडा अन् नुसती लावा.”

“आवाज?”

“आता आवाजाला कामून भ्यायलाव? सगळा सोडा!”

संध्याकाळी गुरुशांतप्पा समोरच्या कट्ट्यावर बसून भाजीवाल्याशी मेथीवरून भांडत होता. मी सुई ठेवली. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि पडद्याआड उभा राहिलो. गल्लीत खरखर घुमली. मग क्लॅरिनेट.

“ह्या काड्यांचे पैसे मागायलास व्हय रे? आरं, ह्यात पाला कुठं...” गुरुशांतप्पाचं वाक्य तिथंच राहिलं.

त्यानं मान वळवली नाही. हातातली जुडी भाजीवाल्याच्या पाटीत पडली. पाय खाली आले आणि चपला चाचपायला लागले. एक सापडली, दुसरी सापडली नाही. तो तसाच उठला. धोतराचा सोगा मुठीत गोळा केला, आणि ज्या गुडघ्यांना घेऊन तो देवळापर्यंतसुद्धा जात नाही, ते गुडघे रस्ता ओलांडायला लागले. पळणं नव्हतं ते, पण चालणंही नव्हतं.

“अप्पा, मेथी!” भाजीवाला ओरडला. त्याला ऐकू गेलं नाही.

कलाबाईनं तोंडाला पदर लावला. मी दार उघडायला धावलो.

गुरुशांतप्पा दारात उभा होता, एका पायात चप्पल, घामाघूम, धापा टाकत. मला वाटलं, आता म्हणेल, बाईच म्हणायची.

“व्यंकट्या,” तो म्हणाला. या नावानं त्यानं मला हाक मारून किती काळ लोटला होता! “जागा धरलास का न्हाई रे?”

खुर्चीवरचा पुस्तकांचा ढीग मी दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला.

“धरलोय. ये.”