शिळं पाणी

"बडवा, आणखी बडवा! खुर्ची मोडली की बसा जमिनीवर!" तळ्यात उभ्या राहून सिस्टर ओरडल्या आणि पुन्हा खराट्याने तळ खरवडू लागल्या.

मागच्या दारात, चाकाच्या खुर्चीत बसलेला त्यांचा नवरा डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवत होता. अर्धांगवायूच्या झटक्याने त्याचा उजवा हात, पाय आणि वाचा एकदमच नेली होती. मागे उरला होता हा डावा हात आणि जन्मजात तिरसटपणा. वरण आळणी झालं की हात आपटायचा, खिडकी उघडी राहिली की हात आपटायचा. प्रत्येक आपटण्याचा अर्थ लावत बसायला सिस्टरना वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर आता इच्छाही नव्हती.

निवृत्त झाल्या तरी गल्लीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. आयुष्य गेलं ऑपरेशन थिएटरमध्ये. तिथे हत्यारं उकळायची, फरशी जंतुनाशकाने पुसायची, नुसतं धुतलेलं म्हणजे त्यांच्या लेखी घाणेरडंच. घरातही तोच कारभार. नवऱ्याने हौसेने परसात हे तळं बांधलं, त्यात मासे सोडले, तेव्हापासून दोघांचं भांडण ठरलेलं. तो पिंपात पाणी भरून दिवसचे दिवस तसंच ठेवायचा. "माशांना शिळं पाणी लागतं, नळाचं औषध उडून गेलेलं," म्हणायचा. "शिळं तुम्हीच प्या," असं म्हणून सिस्टर पिंप ओतून द्यायच्या.

तो पडला आणि तळंही पडलं. शेवाळ, पालापाचोळा, फुटका काठ, कुजका वास. गेल्या आठवड्यात मुलगा येऊन म्हणाला, "आई, रविवारी मुरूम टाकून बुजवून घेतो. गाडी लावायला जागा होईल. डासांचं आगार झालंय नुसतं."

"बाबांना विचारलंस?"

"बाबांना आता काय कळतंय?"

हे तो बाबांच्या समोर म्हणाला. सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याशी भांडायचा हक्क त्यांचा होता, त्याला मोडीत काढायचा हक्क कुणाच्या बापाचा नव्हता. "रविवारी ये आणि बघ," त्या म्हणाल्या, "तळं असं करून ठेवते की तोंडात बोट घालशील."

मुलाकडे दमडी मागायची नाही हे ठरलेलं, म्हणून घरातलंच सगळं बाहेर निघालं. फाटक्या मच्छरदाणीची गाळणी झाली. जुन्या कूलरचा पंप साफ करून तळ्यातल्या बंद कारंज्याला जोडला. शेजारच्या बांधकामावरून उरलंसुरलं सिमेंट मागून आणून त्यांनी काठाची भेग बुजवली. कंबर कामातून गेली, पण राग असला की माणसाला कंबर लागत नाही.

गाळ उपसताना हाताला काहीतरी वळवळलं. मासा! तांबडा, तळहाताएवढा, कुणी दाणा टाकला नाही तरी त्या चिखलात तग धरून राहिलेला. सिस्टरनी तो बादलीत, जुन्याच गढूळ पाण्यात ठेवला आणि दाराशी नेऊन दाखवला. नवऱ्याचा अर्धा चेहरा हसला. तो झटका आल्यापासून ते पहिलं हसू होतं. सिस्टरना एकदम रडायला आलं, म्हणून त्या बादली ठेवून तडक आत गेल्या.

त्या हसण्यासाठीच तर आज हे चाललं होतं. ब्लीचिंग पावडर टाकून त्यांनी तळ्याची कड न् कड घासली, धुतली आणि नळाची रबरी नळी सोडून तळं काठोकाठ भरलं. तळ दिसावा असं पाणी! त्या बादली घेऊन वळल्या तसा दांड्यावरचा हात वेड्यासारखा चालू झाला. घशातून घरघर यायला लागली.

"अहो, तुमच्यासाठीच करतेय ना? जरा कौतुक नको, निदान गप्प तरी बसा!"

त्यांनी मासा सोडला. तो सुळकन गेला, कारंज्याखाली फिरला. मग त्याचं फिरणं वेडंवाकडं झालं. पाण्यावर येऊन तो तोंड उघडमीट करू लागला. सिस्टरनी घाईघाईने ओंजळीत धरला, बादलीकडे धावल्या, पण बादलीतलं गढूळ पाणी त्यांनी मासा सोडल्यासोडल्याच मोरीत ओतलं होतं. घाण म्हणून.

मासा त्यांच्या हातातच गेला.

दांडा वाजायचा थांबला होता. नवरा त्यांच्याकडे बघत नव्हता, कोपऱ्यातल्या रिकाम्या पिंपाकडे बघत होता. तेव्हा कुठे सिस्टरच्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस चिडला नव्हता. बोलत होता. कालपासून, कोण जाणे केव्हापासून, एका हाताने घसा फोडून बोलत होता आणि त्यांनी त्याला गप्प बसवलं होतं. मुलगा निदान तोंडावर म्हणाला. आपण काय वेगळं केलं? त्यांना स्वतःचा इतका राग आला की खराटा उचलून त्यांनी भिंतीवर भिरकावला.

रविवारी मुरुमाचा टेम्पो दारात आला. परसात जायला घराच्या कडेने एकच अरुंद बोळ. मुलाने तळ्यात डोकावून पाहिलं. "आई, मासा मेला म्हणतेस, मग आता यात आहे काय? नुसतं पाणी."

"शिळं होतंय ते. होऊ दे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या बाबांना विचार."

त्यांनी नवऱ्याची खुर्ची ढकलत आणली, बोळाच्या बरोबर तोंडाशी उभी केली आणि दोन्ही चाकांचे ब्रेक दाबले. त्याच्या मांडीवरची चादर नीट केली. "यांनी हो म्हटलं की टाका मुरूम," त्या मजुरांना म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

मुलगा बापासमोर उभा राहिला. मजुरांनी घमेली पालथी घातली आणि त्यांवर बसून राहिले. मागे कारंजं चालू होतं. म्हाताऱ्याचा डावा हात दांड्यावर शांत होता. त्या दिवशी त्याला तो एकदाही आपटावा लागला नाही.