वजनाच्या पारड्याखालचं मेण

अर्धा किलो मटार.

एका आजींचा चष्मा, भाजी निवडताना काढून ठेवलेला.

झोपाळू मांजराचं पिल्लू. नऊशे ग्रॅम, शेपटीसकट.

एक प्रश्न: ‘ढगाचं वजन किती असतं?’

चपलेचा तुटलेला अंगठा.

मित्रांनो, हे सगळं माझ्या पारड्यात कधी ना कधी बसून गेलं आहे. (प्रश्न विचारणाऱ्या मुलीने दोन्ही हात पारड्यात ठेवले होते, म्हणून तोही धरला.) मी हातात धरायचा तराजू आहे. एक लोखंडी दांडी, सहा साखळ्या, दोन पितळी पारडी. वय विचारू नका, मला फक्त वजन कळतं.

मी जन्मतः थोडा तिरका. माझं भाजीचं पारडं जरासं जड. ज्या शेतकऱ्याने मला घेतलं, त्याने वजनाच्या पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवला. आत शिशाचा तुकडा. याला पासंग म्हणतात. त्यामुळे माझी दांडी सरळ राहू लागली. पुढे तो शेतकरी गेला आणि मी त्याच्या थोरल्या सुनेकडे आलो.

दर रविवारी आम्ही शहरातल्या शेतकरी बाजारात जायचो. एका शाळेच्या पटांगणात पत्र्याखाली ओट्यांच्या रांगा. मला तिथली माणसं पाहायला फार आवडे. वांगं कानाशी नेऊन वाजवणारे काका काय ऐकत असतील? भेंडीचं टोक मोडून बघणाऱ्या बाई मोडलेली भेंडी परत का ठेवतात? अजून कळलेलं नाही.

थोरलीची एक रीत होती. पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी ती मला रिकामा उचलून दांडी बघायची.

त्या रविवारी धाकटी जाऊ पहिल्यांदाच सोबत आली. थोरली टेम्पोतून पोती उतरवून घ्यायला फाटकाशी थांबली. इकडे गिऱ्हाइकं आली आणि धाकटीने मला तसंच उचललं. मी चकचकत होतो. आदल्या दिवशी तिने मला घासून काढलं होतं, वरून, आतून आणि खालूनही.

नऊ जणांना तिने भाजी दिली. नऊही वेळा मी खोटं बोललो. मला ते कळत होतं, पण तराजूला ओरडता येत नाही.

मग एक बाई परतल्या. “अहो, शेजारच्या काट्यावर बघितलं. पन्नास ग्रॅम कमी आहे की!”

थोरली तेवढ्यात आली होती. तिने मला रिकामंच उचललं. दांडी कलली.

“काय घासलंस गं?”

“खाली मळाचा गोळा होता, ताई. नखाने खरवडून काढला.”

“मळ? मामंजींनी लावलेलं मेण होतं ते!”

धाकटीचा चेहरा उतरला. त्या बाजारात नियम कडक होता. माप कमी भरलं, तर ओटा गेला. आणि बाजाराचे तपासनीस तीन ओटे अलीकडे येऊन पोचले होते.

थोरलीने एक खडा चिंधीत बांधून पारड्याखाली लटकवला. दांडी सरळ झाली. आता गप्प बसली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता. मी श्वास रोखला. म्हणजे साखळ्या हलू दिल्या नाहीत.

“सकाळपासून इथून भाजी नेलेल्यांनो, परत या!” ती ओरडली. “माप चुकलंय आमचं!”

तपासनीसांनी ते ऐकलं. “किती जण?”

“नऊ,” धाकटी म्हणाली.

“स्वतःहून सांगितलंत, म्हणून एक संधी. बाजार उठायच्या आत नऊही जणांची भरपाई करा. नाहीतर पुढच्या रविवारी ओटा दुसऱ्याला.”

आठ जण मिळाले. उरले भेंडी घेऊन गेलेले एक आजोबा. पटांगणात नव्हते.

धाकटीने मला खांद्यावर टाकलं, ओंजळभर भेंडी पदरात घेतली, पन्नास ग्रॅमचं वजन मुठीत धरलं आणि फाटकाबाहेर धावली. मित्रांनो, एरवी मी टेम्पोत पोत्यात गुंडाळलेला असतो, त्यामुळे रस्ता पहिल्यांदाच पाहिला! लाल दिवा लागला की एवढ्या जड गाड्या एका रेघेवर थांबतात. कुणाच्या पासंगाने?

आजोबा बसथांब्यावर सापडले.

“चार भेंड्यांसाठी एवढं धावलीस, पोरी?”

“चार नाही आजोबा, सहा आहेत. मोजून नाही, तोलून घ्या.”

तिने तिथेच मला उचललं. बस आली, गेली. आजोबा चढले नाहीत. ते माझ्या दांडीकडे बघत होते. ती सरळ झाल्यावर म्हणाले, “चल, तुझ्या तपासनीसाला मीच सांगतो.”

ओटा राहिला. नवं मेण धाकटीने स्वतः लावलं.

मित्रांनो, जुनी वस्तू साफ करायला घ्याल, तेव्हा तिच्यावर जे चिकटलंय ते कुणी लावलं, कशाला लावलं, हे घरात आधी विचारा. आम्हाला सांगता येत नाही.

आणि हो, त्या शनिवारी मला घासताना धाकटी गाणं गुणगुणत होती, म्हणून माझा तिच्यावर राग नाही.